पहिल्या भेटीत सूर जुळतात ते कशामुळे? स्वभाव, सारखेपणा आणि ओढ यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानसशास्त्र शिकवते, आणि गेली काही वर्षं लग्नाळू मुलामुलींशी व त्यांच्या आईवडिलांशी बोलते आहे. खालचे प्रश्न त्यांनीच विचारलेले आहेत, बहुतेक वेळा एखादी भेट ठरल्यावर किंवा नुकतीच होऊन गेल्यावर. संशोधनातून काय दिसलं आहे आणि माझं स्वतःचं मत काय आहे, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं कळेल अशा बेताने उत्तरं लिहिली आहेत.

दोघांचे स्वभाव सारखे असले तर पहिल्याच भेटीत ओढ वाटते का?

स्वभाव खरोखर सारखे आहेत म्हणून वाटते, असं म्हणायला फारसा आधार नाही. दोघांकडून स्वभावाची प्रश्नावली वेगवेगळी भरून घेतली आणि गुण शेजारी ठेवून ताडून पाहिले, तर त्यावरून त्यांची भेट कशी होईल हे सांगता येत नाही. मात्र भेटीनंतर ‘हा माणूस आपल्यासारखाच आहे’ असं जो म्हणतो, त्याला समोरची व्यक्ती आवडलेली असते. हे एकामागून एक अभ्यासांत दिसलं आहे. मोजलेला सारखेपणा वेगळा आणि वाटलेला सारखेपणा वेगळा. हा फरक ध्यानात धरला की पुढची बरीच उत्तरं सोपी होतात.

स्वभाव म्हणजे इथे नेमकं काय धरलं आहे?

अभ्यासक साधारणपणे पाच गुण मोजतात: माणसांत रमण्याची वृत्ती, समजूतदारपणा, शिस्त आणि जबाबदारीची जाणीव, मन लवकर अस्वस्थ होण्याची सवय, आणि नव्या गोष्टींविषयीचा मोकळेपणा. राजकीय मतं, देवाधर्माविषयीची भूमिका, खाण्यापिण्याच्या आवडी यांत येत नाहीत. ‘आमचं जुळतं’ असं म्हणताना आपण हे सगळं एकाच पिशवीत भरतो आणि तिथेच गोंधळ सुरू होतो.

मग ‘सारख्याला सारखं आवडतं’ हे आलं कुठून?

समजूत जुनीच आहे, पण तिला प्रयोगाचं बळ दिलं ते अमेरिकेतल्या टेक्सास विद्यापीठातल्या डॉन बर्न यांनी. १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्यांनी विद्यार्थ्यांकडून २६ विषयांवरची मतं लिहून घेतली. काही दिवसांनी प्रत्येकाच्या हातात दुसऱ्या एका विद्यार्थ्याने भरलेली तशीच प्रश्नावली ठेवली आणि विचारलं, हा माणूस तुम्हाला कसा वाटतो? तो दुसरा विद्यार्थी मुळात नव्हताच. ती प्रश्नावली प्रयोगकर्त्यांनीच भरली होती, कुणासाठी सगळी मतं जुळवून तर कुणासाठी मुद्दाम उलटी. मतं जुळलेला अनोळखी माणूस लोकांना जास्त आवडला, आणि पुढच्या प्रयोगांत तर असं दिसलं की जुळणाऱ्या मतांचं प्रमाण जसजसं वाढतं तसतशी आवडही वाढत जाते.

निष्कर्ष खोटा नव्हता, पण त्या प्रयोगात भेट झालीच नव्हती. हातात फक्त एक कागद होता, आणि दुसरं काही पाहायला नसेल तर कागदावरच्या सारखेपणाला महत्त्व येणारच. बायोडेटा वाचताना आपलंही तेच होतं. ‘ट्रेकिंगची आवड’ ही ओळ दोन्ही कागदांवर दिसली की घरात उत्साह येतो.

कागद सोडून माणसं प्रत्यक्ष भेटली तेव्हा काय झालं?

याची दोन जुनी उदाहरणं आहेत आणि ती वेगवेगळ्या दिशेला जातात, म्हणून दोन्ही सांगते.

पहिलं मिनेसोटा विद्यापीठातलं, इलेन वॉल्स्टर आणि सहकाऱ्यांचं, १९६६ साली प्रसिद्ध झालेलं. नव्याने प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यांसाठी नृत्याची संध्याकाळ ठेवली आणि संगणक तुमच्यासाठी जोडीदार निवडेल असं जाहीर केलं. ३७६ मुलगे आणि ३७६ मुली आल्या. त्यांचे शैक्षणिक गुण आणि स्वभावाच्या चाचण्यांचे आकडे हाताशी होते. जोड्या मात्र चिठ्ठ्या टाकाव्यात तशा लावल्या, फक्त मुलगा मुलीपेक्षा उंच असेल एवढंच पाहिलं. तिकिटाच्या टेबलापाशी बसलेले चार जण येणाऱ्या प्रत्येकाच्या दिसण्याला गुपचूप गुण देत होते. मध्यंतरात विचारलं, जोडीदार किती आवडला, पुन्हा भेटावंसं वाटतं का? उत्तरांशी ठळक नातं निघालं ते एकाच गोष्टीचं, समोरच्याच्या दिसण्याचं. बुद्धी आणि स्वभावाचे आकडे बाजूलाच राहिले.

दुसरं उदाहरण पुन्हा बर्न यांचं, १९७० सालचं. त्यांनी ४४ जोड्या निवडल्या. काहींची मतं आणि स्वभाव खूप जुळणारे होते, काहींचे फारच कमी. प्रत्येक जोडीला थोडे पैसे देऊन अर्धा तास शीतपेय प्यायला पाठवलं. परत आल्यावर दोघं टेबलापाशी एकमेकांच्या किती जवळ उभे राहतात तेही नोंदवलं. इथे दिसण्याबरोबर सारखेपणाचाही परिणाम दिसला. पण या जोड्या शेकडो विद्यार्थ्यांतून दोन टोकं शोधून काढलेल्या होत्या. आपल्याला रोज भेटणारी माणसं अशी टोकाची नसतात. काही गोष्टींत आपल्यासारखी, काहींत वेगळी, अशीच असतात.

मॅथ्यू माँटोया आणि सहकाऱ्यांनी २००८ साली ३१३ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा चित्र बरंच स्पष्ट झालं. भेट झालीच नाही तिथे खऱ्या सारखेपणाचा परिणाम मोठा. थोडी भेट झाली की तो कमी होतो. आणि प्रत्यक्ष नात्यात असलेल्या जोडप्यांत तो उरल्यासारखा दिसत नाही. वाटलेला सारखेपणा मात्र तिन्ही ठिकाणी टिकून राहतो.

स्पीड डेटिंगचे अभ्यास काय सांगतात? आणि ही स्पीड डेटिंग म्हणजे काय?

लॉस एंजेलिसमधल्या याकोव्ह डेयो या रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, १९९८ च्या सुमारास ज्यू तरुणतरुणींच्या ओळखी व्हाव्यात म्हणून ही पद्धत काढली. एका संध्याकाळी प्रत्येक जण समोरच्या दहाबारा जणांशी काही मिनिटं बोलतो, घंटा वाजली की पुढच्या खुर्चीवर जातो, आणि शेवटी कुणाला पुन्हा भेटायचं आहे ते लिहून देतो. दोघांनीही होकार दिला तरच संपर्क मिळतो. मानसशास्त्रज्ञांना यातून हवी तशी प्रयोगशाळा मिळाली: खरी माणसं, खरी इच्छा आणि प्रत्येक भेटीची नोंद.

या विषयावरचा माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा अभ्यास नताशा टिडवेल, पॉल ईस्टविक आणि एली फिंकेल यांचा आहे, २०१३ साली आलेला. त्यांनी चार चार मिनिटांच्या भेटी ठेवल्या आणि तीन गोष्टी वेगळ्या मोजल्या. एक, दोघांचे स्वभावगुण खरोखर किती जुळतात. दोन, एकेका गुणाबाबत ‘आपण सारखे आहोत’ असं त्यांना किती वाटतं. तीन, एकंदरीत ‘आपल्यात बरंच साम्य आहे’ असं किती वाटतं. ओढीशी नातं दिसलं ते तिसऱ्याचं. पहिल्याचं नाही, आणि दुसऱ्याचंही नाही.

इथे जरा थांबावंसं वाटतं. ‘तोही माझ्यासारखाच अबोल आहे’ किंवा ‘तीही माझ्यासारखीच शिस्तीची आहे’ असा गुणवार हिशेब मनात झाला, तरी त्याने काही ठरत नाही. ठरतं ते कशाला नेमकं बोट दाखवता येत नाही अशा जाणिवेनं. मराठीत आपण ‘सूर जुळले’ म्हणतो ते हेच. सूर जुळले असं म्हणणाऱ्याला कोणता सूर, असं आपण विचारत नाही.

शानहाँग लुओ आणि ग्वांगजियान झांग यांनीही २००९ साली स्पीड डेटिंगमध्येच हा प्रश्न तपासला होता. त्यांनाही स्वभावाच्या सारखेपणाचा प्रभाव आढळला नाही. सर्वांत बलवान निघालं ते पुन्हा दिसणं, मुलांच्या बाबतीत आणि मुलींच्याही.

‘सारखे आहोत’ असं वाटायला लागतं तरी कशावरून?

हा प्रश्न मला सगळ्यांत आवडतो, कारण अगदी थोड्या जागेत खूप काही घडत असतं.

पहिली शक्यता अशी की क्रम उलटा आहे. माणूस आधी आवडतो आणि मग तो आपल्यासारखा वाटू लागतो. आवडलेल्या माणसाच्या बोलण्यात आपण साम्य शोधतो, नावडलेल्याच्या बोलण्यात फरक. दोन्ही दिशांनी हे घडत असावं, एकीकडून दुसरीकडे आणि पुन्हा परत.

दुसरं, बोलण्याची लय. मॉली आयर्लंड आणि सहकाऱ्यांनी २०११ साली स्पीड डेटिंगमधली इंग्रजी संभाषणं तपासली. त्यांनी विषय पाहिले नाहीत, सर्वनामं आणि अव्ययांसारखे बारीक, लक्षात न येणारे शब्द पाहिले. ज्या जोड्यांत या शब्दांचा वापर एकमेकांसारखा होत गेला, तिथे दोघांनीही पुन्हा भेटायला होकार देण्याची शक्यता जास्त होती. २०२२ साली एलिश्का प्रोचाझ्कोवा आणि नेदरलँड्समधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अनोळखी जोड्यांच्या भेटीत हृदयाचे ठोके आणि हाताच्या त्वचेचा ओलसरपणा मोजला. हसणं, मान डोलावणं, नजर भिडणं यांवरून ओढीचा अंदाज लागला नाही. दोघांच्या हृदयगतीचे आणि त्वचेचे चढउतार एकमेकांबरोबर होऊ लागले, तिथे ओढ जास्त होती.

तिसरी गोष्ट आपल्या घरातली. दोन मराठी माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, ‘गाव कुठलं?’ मग आजोळ निघतं, कुणाची तरी मावशी त्याच गल्लीत राहत होती असं निघतं, आणि खोलीतला ताण सैल होतो. गावाचं नाव एक असल्याने स्वभाव एक होत नाही, पण एक धागा हाताला लागतो आणि त्यावरून संभाषण पुढे सरकतं. मी पाहिलेल्या चांगल्या भेटींत असा एखादा धागा जवळजवळ नेहमी होता. परदेशात वाढलेल्या मुलांच्या भेटींत तो गावाचा नसतो. घरी मराठी आणि बाहेर इंग्रजी बोलत मोठं होणं काय असतं, हे न सांगता समोरच्याला कळणं, हा त्यांचा धागा.

विरुद्ध स्वभावाची माणसं एकमेकांकडे खेचली जातात, हे तरी खरं का?

नाही. रॉबर्ट विंच यांनी १९५० च्या दशकात २५ जोडप्यांच्या अभ्यासावरून म्हटलं होतं की माणसं एकमेकांच्या गरजा पुऱ्या करणारा जोडीदार निवडतात. नंतर ज्यांनी ते पुन्हा तपासलं त्यांना तसा भक्कम आधार मिळाला नाही. ‘ती बडबडी, तो शांत, म्हणून छान जमलं’ अशी जोडपी आपल्या डोळ्यांपुढे लगेच येतात, कारण त्यांच्यातला फरक नजरेत भरतो. दोन शांत माणसांच्या संसाराची गोष्ट कुणी सांगत नाही.

पण लग्न झालेली जोडपी एकमेकांसारखी असतात, हे तर डोळ्यांना दिसतं!

दिसतं, आणि ते खरंही आहे. कशात सारखी असतात, ते मात्र पाहायला हवं. टान्या हॉरविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०२३ साली १९९ अभ्यास एकत्र केले आणि जोडीला ब्रिटनमधल्या सुमारे ८० हजार जोडप्यांची माहिती पाहिली. शिक्षण, राजकीय आणि धार्मिक भूमिका, दारू-सिगारेटच्या सवयी यांत जोडपी बरीच सारखी निघाली. स्वभावाच्या बाबतीत साम्य अगदी थोडं. माणसांत रमणाऱ्याला माणसांत रमणाराच जोडीदार मिळतो असं म्हणण्याइतकं तर नाहीच.

याचं एक कारण सरळ आहे. माणसं भेटण्याआधीच चाळली गेलेली असतात. एकाच कॉलेजात, एकाच कचेरीत, एकाच वस्तीत जी भेटतात त्यांचं शिक्षण आणि राहणी आधीच जवळपासची असते. आपल्याकडे ही चाळणी घरातच लावली जाते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी कोलकात्याच्या एका मोठ्या बंगाली वृत्तपत्रातल्या विवाहविषयक जाहिराती देणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास केला, तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. स्वजातीतल्या स्थळाचा ओढा इतका होता की त्यासाठी शिक्षणासारख्या गोष्टींत मोठी तडजोड करायची तयारी दिसली. मराठी वधू-वर सूचक मंडळाचा अर्ज उघडून पाहा: जात, पोटजात, शिक्षण, पगार, उंची, रास, स्वतःचं घर. आपण सारखेपणाचा जो आग्रह धरतो त्यात स्वभावाला जागाच नाही. मग मुलगा-मुलगी समोरासमोर बसतात आणि आपण अपेक्षा करतो की राहिलेला भाग अर्ध्या तासात आपोआप जुळावा. हे मला अन्यायाचं वाटतं, दोघांवरही.

पत्रिकेत स्वभाव पाहतातच की! गण जुळवणं म्हणजे तेच ना?

स्वभाव जुळावा ही इच्छा जुनी आहे, हे त्यातून दिसतं. छत्तीस गुणांपैकी गणाला सहा दिलेले आहेत, आणि देव, मनुष्य, राक्षस ही विभागणी प्रकृतीचीच मानतात. पण गण ठरतो जन्माच्या वेळी चंद्र ज्या नक्षत्रात असतो त्यावरून. समोरचा माणूस रागावला की कसा वागतो, चूक झाली की कबूल करतो का, हे त्यातून कळत नाही. पत्रिका पाहणं हा घरच्या श्रद्धेचा भाग असेल तर मी त्यावर वाद घालत नाही. ती पाहून झाली म्हणजे स्वभाव पाहून झाला, असं मात्र कुणी समजू नये.

हे सगळे प्रयोग अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांवरचे. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला लागू होतात का?

काही लागू होतात, काही नाहीत.

स्पीड डेटिंगला आलेले विद्यार्थी स्वखुशीने आलेले होते, नकार दिला तर कुणाच्या घरी कळणार नव्हतं, आणि त्यांना फक्त पुन्हा भेटायचं की नाही एवढंच ठरवायचं होतं. कांदेपोह्यांच्या भेटीत बाहेरच्या खोलीत दोन्हीकडचे मोठे बसलेले असतात, मध्यस्थाचा फोन संध्याकाळी येणार असतो, आणि ‘पसंत आहे का’ या प्रश्नाचा अर्थ थेट लग्न असा असतो. अशा दडपणाखाली कुणाच्याही बोलण्याला लय यायला वेळ लागतो. मुलीने पोह्यांचा ट्रे आणायचा आणि सर्वांच्या नजरा तिच्यावर, ही रीत अजून अनेक घरांत आहे, आणि ‘वाटलेल्या सारखेपणा’ला ती मारकच आहे. एक जण तपासणारा आणि दुसरी तपासली जाणारी असेल, तर आपण दोघं सारखे आहोत असं वाटायला जागा कुठून राहणार?

लागू होते ती मूळ गोष्ट: कागदावरचं जुळणं भेटीत पुरत नाही. एका घरी असंच झालं. मुलाचं आणि मुलीचं शिक्षण एक, दोघंही शांत, दोघांनाही वाचनाची आवड. घरच्यांना खात्री होती की यांचं जमणारच. दोघं गच्चीत वीस मिनिटं बसले आणि खाली येऊन दोघांनीही नकार दिला. कारण विचारल्यावर मुलगी म्हणाली, ‘आम्ही एकमेकांच्या उत्तराची वाट पाहत बसलो होतो.’ दोन शांत माणसांचा सारखेपणा खरा होता, पण बोलणं सुरू करायला तो कुणाच्याच कामी आला नाही.

माझी विनंती एवढीच असते की पहिली भेट घराबाहेर ठेवा. चालता येईल, काही पाहता येईल अशा ठिकाणी. आणि त्या दिवशी उत्तर मागू नका.

चाचणी देऊन किंवा ॲपवर टक्केवारी पाहून जोडीदार निवडता येईल का?

ही आशा नवी नाही. हार्वर्डच्या विद्यार्थ्यांनी १९६५ सालीच प्रश्नावली आणि संगणक यांच्या जोरावर जोड्या जुळवणारी सेवा काढली होती. फिंकेल आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली अशा संकेतस्थळांच्या दाव्यांचा सविस्तर आढावा घेतला, तेव्हा त्यांच्या गणिती जुळवणीला पटेल असा पुरावा सापडला नाही.

समँथा जोएल, ईस्टविक आणि फिंकेल यांनी २०१७ साली याहून कठोर परीक्षा घेतली. स्पीड डेटिंगला येणाऱ्यांकडून स्वभाव, मूल्यं, अपेक्षा अशा शंभराहून अधिक गोष्टी आधीच भरून घेतल्या आणि यंत्राला शिकवून भाकीत करायला लावलं. कोण सर्वसाधारणपणे जास्त जणांना पसंत करेल आणि कोण जास्त जणांना आवडेल, हे यंत्राला थोडंफार सांगता आलं. अमुक एकाला अमुक एक खास आवडेल का, हे मात्र अजिबात सांगता आलं नाही. ‘९२ टक्के जुळतं’ हा आकडा नेमक्या त्याच प्रश्नाचं उत्तर देण्याचा दावा करतो.

चाचणी देऊ नका असं मी म्हणत नाही. बोलायला विषय म्हणून ती चांगली. आकडा कमी आला म्हणून भेट रद्द करणं चूक आहे.

मला कसा जोडीदार हवा, हे मला तरी नीट माहीत असतं ना?

आपल्याला वाटतं तितकं नाही. ईस्टविक आणि फिंकेल यांच्या २००८ सालच्या अभ्यासात मुलांनी दिसण्याला आणि मुलींनी कमाईला जास्त महत्त्व असल्याचं आधी सांगितलं होतं. प्रत्यक्ष भेटींत कोण आवडलं याच्याशी त्या सांगितलेल्या अपेक्षांचा मेळ बसला नाही, आणि मुलगे-मुलींमधला तो फरकही तिथे दिसला नाही.

समोरच्याला मी आवडले की नाही, हे कसं ओळखायचं?

स्वतःच्या अंदाजावर फार विसंबू नका, कारण तो बहुधा खालच्या बाजूने चुकतो. एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवलं की दोन अनोळखी माणसं बोलून उठली की दोघांनाही वाटतं, मी त्याला आवडलो त्यापेक्षा तो मला जास्त आवडला. दोघंही समोरच्याच्या पसंतीला कमी लेखतात. तो अभ्यास प्रेमाच्या भेटींचा नव्हता, साध्या ओळखीचा होता, तरी मला तो इथे फार मोलाचा वाटतो. भेटीहून परतलेली मुलं-मुली ‘मी फारच वेड्यासारखं बोललो’ म्हणत रात्रभर तळमळतात, आणि पलीकडे तेच चाललेलं असतं.

आणखी एक. २००७ सालच्या एका स्पीड डेटिंग अभ्यासात दिसलं की जो सगळ्यांनाच पसंत करतो तो फारसा कुणाला आवडत नाही, आणि ज्याची पसंती खास आपल्यापुरती आहे तो आवडतो. चार मिनिटांतही माणसांना हा फरक जाणवतो. सर्वांना सारखीच स्तुतीची वाक्यं ऐकवणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

भेटीत काय बोलावं? स्वभाव कळावा म्हणून काय विचारू?

आर्थर आणि एलेन एरन यांचा १९९७ सालचा प्रयोग इथे उपयोगी पडतो. अनोळखी माणसांच्या जोड्यांना पाऊण तासासाठी ३६ प्रश्न दिले, हळूहळू अधिक खाजगी होत जाणारे. दोघांनीही आळीपाळीने उत्तरं द्यायची. नुसत्या वरवरच्या गप्पा मारणाऱ्या जोड्यांपेक्षा यांना एकमेकांविषयी जास्त जवळीक वाटली. काही जोड्या महत्त्वाच्या मतांवर न भांडणाऱ्या अशा निवडल्या होत्या, काही तशा निवडल्या नव्हत्या. जवळिकीत फरक पडला नाही. मतं आधीपासून जुळलेली असण्यापेक्षा एकमेकांपुढे मोकळं होण्याने जास्त साधलं.

(छत्तीस हा आकडा पत्रिकेतल्या गुणांशी जुळतो तो निव्वळ योगायोग.)

म्हणून प्रश्नांची यादी घेऊन मुलाखत घेऊ नका. ‘तुझा स्वभाव कसा आहे?’ याला सगळे ‘मनमिळाऊ’ असंच उत्तर देतात. त्याऐवजी ‘गेल्या वर्षात सगळ्यात अवघड दिवस कोणता गेला आणि त्या दिवशी तू कुणाला फोन केलास?’ असं विचारून पाहा. आणि आधी स्वतःचं सांगा.

भेट ठीक झाली, पण ‘काहीच वाटलं नाही’. नकार कळवू का?

भेटीत समोरच्याने अपमान केला, हुंड्याचा विषय काढला, तुमच्या नोकरीवर किंवा दिसण्यावर बोचरं बोलला, खोटं बोलल्याचं लक्षात आलं, किंवा नेमकं सांगता येत नाही पण भीती वाटली, तर नकार द्या आणि कुणाला कारणं देत बसू नका. आईवडिलांनाही माझं हेच सांगणं असतं.

पण यातलं काही नसेल, नुसतीच भेट सपाट झाली असेल, तर दुसरी भेट द्यावी असं माझं ठाम मत आहे. पहिल्या भेटीत दिसण्याचा वाटा फार मोठा असतो, आणि तो ओळख वाढली की कमी होतो. ल्यूसी हंट, ईस्टविक आणि फिंकेल यांनी २०१५ साली १६७ जोडप्यांचा अभ्यास केला. ज्यांची ओळख झाल्यावर लगेच नातं जुळलं होतं, त्या दोघांचं दिसणं साधारण एका तोलाचं होतं. जे आधी बराच काळ ओळखीचे किंवा मित्र होते, त्यांच्यात ते साम्य कमी होतं. माणूस कळत गेला की प्रत्येकाची आवड आपली आपली होत जाते, बाजारभाव मागे पडतो.

‘आमच्या वेळी कुठे होतं हे? प्रेम लग्नानंतर येतं,’ असं आई म्हणते. ती चूक आहे का?

तिच्या बाजूने नेहमी सांगितला जातो तो १९८२ सालचा जयपूरमधला अभ्यास, उषा गुप्ता आणि पुष्पा सिंग यांचा. त्यांना प्रेमविवाहांत प्रेमाचे गुण वर्षांगणिक कमी होताना दिसले आणि ठरवून झालेल्या लग्नांत वाढताना. पण त्यात अवघी ५० जोडपी होती. २०१२ साली अमेरिकेतल्या भारतीयांमध्ये पाहिलं तेव्हा दोन्ही प्रकारच्या लग्नांत प्रेम आणि समाधान जवळपास सारखंच निघालं. आईचा अनुभव तिच्यापुरता खरा आहे. तो नियम म्हणून मुलीवर लादता येणार नाही.

लग्नानंतर तरी सारख्या स्वभावाचा फायदा होतो का?

फार थोडा. पोर्शिया डायरेनफोर्थ आणि सहकाऱ्यांनी २०१० साली ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतली ११ हजारांहून अधिक जोडपी पाहिली. नात्यातल्या समाधानातल्या फरकांपैकी जवळपास ६ टक्के भाग स्वतःच्या स्वभावाने उलगडतो, १ ते ३ टक्के जोडीदाराच्या स्वभावाने, आणि दोघांच्या स्वभावसाम्याने अर्ध्या टक्क्याहूनही कमी. समजूतदार माणसाबरोबर राहणं सुखाचं असतं, तुम्ही स्वतः तितके समजूतदार असा किंवा नसा. दोघंही सारखेच तापट असतील तर त्या सारखेपणाचं काय करायचं?

मुलीचा बायोडेटा आणि मुलाचा बायोडेटा ताडून आम्ही बरीच स्थळं भेटीआधीच बाजूला ठेवली. परत विचार करावा का?

हा प्रश्न एका वडिलांनी विचारला होता. हातात फाइल होती आणि प्रत्येक कागदावर पेन्सिलीने कारण लिहिलेलं: ‘फार बोलका वाटतो’, ‘मुलीला सिनेमाची आवड नाही’, ‘फोटोत गंभीर’. मी त्यांना म्हटलं, शिक्षण, राहण्याचं गाव, मुलं हवीत की नकोत, व्यसन, अशा ज्या गोष्टींवर पुढे तडजोड होणारच नाही, त्यांची कारणं तशीच राहू द्या. स्वभावाविषयी लिहिलेली कारणं खोडा, कारण तो स्वभाव तुम्ही पाहिलेला नाही. त्यांनी तिथेच बसून खोडरबर मागितला. सात कागद परत वर आले, आणि ते कागद त्यांनी मुलीच्या हातात दिले.